इन, ऑन, ऑफ

दांडिया बाजारात, चणिया-चोळी भाड्यानं देणाऱ्या
दुकानाच्या वर माझा इंग्रजीचा वर्ग. सहा ते सात.
खाली शिलाईचं मशीन, वर पंखा,
दोघांच्या मधून मी ओरडून सांगतो
की माणूस कपड्याच्या आत असतो.

द वूमन इन अ ग्रीन सारी.
सगळ्यांनी 'ऑन' लिहिलं होतं.
'आपल्या तर अंगावर असतात ना कपडे, सर?'
शुभांगिनी शितोळे. सरकारी दवाखान्यात सिस्टर, रात्रपाळी.
लंडनजवळच्या कुठल्याशा गावी जायचंय,
परीक्षेत दोनदा साडेसहावर अडकल्या आहेत.

म्हणणं बरोबरच होतं.
आपण साडी नेसतो, सदरा घालतो, शाल पांघरतो,
फेटा बांधतो, गजरा माळतो, बांगड्या भरतो.
जितकी वस्त्रं, तितक्या त्यांच्या खोडी.
गुजरातीत एका 'पहेरवुं'वर बरंच भागतं,
म्हणून आमची बडोद्याची मुलं बेधडक साडी घालतात
आणि पुण्याचे पाहुणे
हातातला कप बशीत ठेवतात.

इंग्रजाला एवढी हौस नाही.
उशी अभ्र्यात सरकवावी
तसा तो माणसाला कपड्यात सरकवतो.
'टोपीसुद्धा इन?'
इन अ हॅट.
'पण आत नुसतं डोकंच आहे, सर.'
नियम आहे, म्हणालो.
दाढी? विथ. छत्री? विथ.
आणि टोपी डोक्यावरच आहे असं ठासून सांगायचं तर
विथ अ हॅट ऑन.
'एका टोपीला दोन-दोन?'
मागच्या बाकावर कार्तिकेय त्रिवेदीनं वही मिटली.

शितोळेबाईंनी उघडली.
नाव नसलेली माणसं रात्री येतात,
त्यांचं वर्णन यांनाच लिहावं लागतं.
सरावासाठी घरी इंग्रजीत करून आणलं होतं:
अनोळखी पुरुष, वय सुमारे चाळीस,
इन अ ब्लू शर्ट, इन वन स्लीपर.
'इन वन स्लीपर चालेल?'
'विथ' माझ्या जिभेवर आलं होतं.
चालेल, म्हणालो.

'मग आम्ही कपडे कात्रीनं कापून काढतो, तेव्हा?'
टेक ऑफ. ऑफ. दोन एफ.
'आणि ते पिशवीत भरून, चिकटपट्टी लावून
वर लिहितो: अमक्याचे कपडे.
सकाळी कुणी आलंच, तर द्यायला.'
ते ऑफ वेगळं, म्हणालो. त्याला एक एफ.

आम्ही बडोद्यात दोन्ही ऑफच म्हणतो,
उच्चार मी कधी दुरुस्त करत बसलो नाही.
त्या उठल्या, फळ्यापाशी आल्या,
तळव्यानं एक एफ पुसला
आणि पुढे रेघ ओढली,
नाव कळेल तेव्हा भरण्यासाठी.

खाली कुणीतरी पडद्याआड चणिया घालून बघत होतं.
आरशांची किणकिण, आणि बाहेरून मैत्रीण:
'अगं, नीकळ ना आता, जोवा दे!'
सात वाजले होते. पंखा मी बंद केला.
फळा पुसायचा राहिला, की मी ठेवला,
आता नक्की सांगता येणार नाही.

डिसेंबरात त्यांना सात आले.
काल फोटो आला. करडा, घोट्यापर्यंतचा,
बहुधा कुणाचा तरी मागून आणलेला.
खाली मराठीत लिहिलंय:
'सर, इथे माणूस खरंच आत असतो.
बाहेर उरतं ते नाक.'
आणि त्याखाली, मला बरं वाटावं म्हणून, इंग्रजीत:
आय ॲम इन कोट.

छान दिसताय, असं लिहायचं होतं.
हातानं सवयीनं लिहिलं:
इन *अ* कोट.